अग्नेसच्या नावाचा वाटा

लग्नसराई ओसरली की सिसिलियाबाई दिवे कापडी पिशवी घेऊन सोसायटीच्या चारही इमारती फिरतात. बेल वाजवतात आणि सरळ विचारतात, "झालेल्या लग्नांच्या पत्रिका आहेत का?" नवीन भाडेकरूला वाटतं, बाई वधूवर सूचक मंडळ चालवतात. जुने शेजारी काही न बोलता टीव्हीखालचा ड्रॉवर उघडतात. जाड कागद, सोनेरी कडा, मखमली पाकिटं. पत्रिका निवडायला लोक तीन-तीन शनिवार बुधवार पेठेत घालवतात आणि तारीख उलटली की तीच पत्रिका रद्दीत टाकतात. सिसिलियाबाई त्यावर नाक मुरडत नाहीत. त्यांना तो कच्चा माल आहे.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे पत्रिकेवरचा गणपती कापून वेगळा काढणं. तो मिठाईच्या एका रिकाम्या खोक्यात जातो. वर्षाकाठी खोका भरला की तळमजल्यावरच्या निशाच्या हवाली होतो, आणि अनंत चतुर्दशीला त्याचं काय करायचं ते ती करते. "माझी कात्री दुसऱ्याच्या देवावरून फिरायला नको," एवढंच कारण बाई देतात. उरलेल्या कागदाचे संत होतात.

विश्रांतवाडीतल्या एका लहानशा चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेनंतर मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. पहिला पाऊण तास सिस्टरांचा. त्या प्रार्थना पाठ करून घेतात, प्रश्न विचारतात, आणि मुलं घड्याळाकडे बघत उत्तरं देतात. पुढचा पाऊण तास सिसिलियाबाईंचा. त्या आठवड्यात ज्या संताचा सण असेल, त्याची काहीतरी वस्तू हाताने करायची. एकतीस वर्षं हा तास चाललाय. वेळापत्रकात त्याला भारदस्त नाव आहे, मुलं त्याला 'कापाकापी' म्हणतात.

सामान साधंच. पत्रिका, मैद्याची खळ, लोकरीचे तुकडे, आगपेट्या, कपडे वाळत घालायचे चिमटे. संताच्या डोक्यामागचं तेजोवलय म्हणजे लग्नात ज्यातून चाट देतात तो सोनेरी कागदी द्रोण, दाबून चपटा केलेला. ऑक्टोबरात संत फ्रान्सिसच्या चिमण्या होतात, त्यांचे पंख मखमली पाकिटांचे. नोव्हेंबरात संत मार्टिनचा क्रेप कागदाचा झगा होतो, आणि छान नटवून झाला की मधोमध कापावा लागतो, कारण मार्टिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा निम्मा कापून दिला होता. दर वर्षी एक तरी मूल कापायला तयार नसतं. ऑगस्टात संत लॉरेन्सचा तवा. लॉरेन्सला जाळीवर भाजून मारलं, तेव्हा तो मारेकऱ्यांना म्हणाला म्हणे, एक बाजू झाली, आता उलटा. ही गोष्ट बाई भाकरी उलटायच्या हातवाऱ्यांसकट सांगतात. एका नव्या सिस्टरांनी एकदा सुचवलं की मुलांसाठी हे जरा जास्त होतंय.

"जास्त केलं ते लॉरेन्सने," बाई म्हणाल्या. तवा चालू राहिला.

पेन्सिलीने रेघ मारून कापायची त्यांच्या वर्गात मनाई आहे. रेघ मारली की मूल रेघेच्या मागे जातं आणि चिमणी राहते बाजूला, असं त्यांचं म्हणणं. ही शिस्त त्यांना संगमनेर तालुक्यातल्या मिशनच्या बोर्डिंगमध्ये लागली. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टर वर्तमानपत्रातून कात्रीने सबंध गोठा कापून काढायच्या, बाळ येशूसकट. लग्न करून सिसिलिया पुण्याला आली. नवरा, मनोहर दिवे, खडकीच्या कारखान्यात होता. तिने महापालिकेच्या बालवाडीत एकोणतीस वर्षं काढली. गोड बोलणं हा तिचा प्रांत तेव्हाही नव्हता, आज सदुसष्टाव्या वर्षीही नाही. तरी मुलं येतात, कारण या बाई रागावल्या तरी हातातली कात्री काढून घेत नाहीत.

त्यांचा एक नियम मात्र धर्मशिक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात नाही. वर्गातल्या ज्या मुलाला बाप्तिस्म्यात त्या आठवड्याच्या संताचं नाव मिळालेलं असेल, त्याने दोन वस्तू करायच्या. एक चर्चमध्ये संताच्या तसबिरीखाली ठेवायची. दुसरी सणाच्या दिवशी त्याच नावाच्या दुसऱ्या कोणाला तरी नेऊन द्यायची. नुसती द्यायची नाही. दारात उभं राहून त्या माणसाला नावाने हाक मारायची, त्याने ओ दिली की मगच हातात ठेवायची. याला त्या 'नावाचा वाटा' म्हणतात. या वाट्यापायी विश्रांतवाडीतल्या कितीतरी रिक्षावाल्या अँथनींना आणि रिटायर झालेल्या जोसेफांना आजवर गरिबांना जेवू घालणाऱ्या संताचे कागदी पाव आणि सुतार संताच्या पुठ्ठ्याच्या करवती मिळाल्या आहेत. वर्गातलं एकही मूल वर्षात बिनवाट्याचं राहत नाही, याचा बाईंना अभिमान होता. तो खोटा होता, आणि ते त्यांना माहीत होतं.

जानेवारीतला तिसरा रविवार नऊ वर्षं कपाट आवरण्यात जात होता. एकवीस जानेवारीला संत अग्नेसचा सण असतो, आणि बाईंच्या एकुलत्या एक मुलीचं नाव अग्नेस.

मुलगी इंजिनियर झाली, हिंजवडीच्या कंपनीत लागली आणि तिथल्याच आमोद परचुरेशी लग्न ठरवून आली. मुलगा मंडईमागे राहणाऱ्या परचुर्‍यांचा. आठ दिवस घरात धुसफूस झाली, पण सिसिलियाबाईंनी ते गिळलं. मुलगा समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतो, हे त्यांनी पहिल्याच भेटीत हेरलं होतं. आधी नोंदणी, मग एका लहान हॉलमध्ये त्यांच्या पद्धतीचे विधी, आणि पुढच्या शनिवारी चर्चमध्ये फादरांचा आशीर्वाद, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं होतं. केकचीसुद्धा ऑर्डर गेली होती.

हॉलमधले विधी संपत आले तेव्हा गुरुजींनी तांदूळ पसरलेलं ताट पुढे केलं. आमोदने अंगठीने त्यात अक्षरं काढली: नीरजा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे फिरले. सिसिलियाबाईंनी ताटात वाकून पाहिलं. दीड महिन्याच्या पोरीच्या डोक्यावर पाणी ओतताना फादरांनी जे नाव घेतलं होतं, ते तिथे कुठेच नव्हतं. धर्म सोड म्हणून कोणी म्हटलं असतं तर त्या भांडल्या असत्या. इथे कोणी काही म्हटलंच नव्हतं, नुसत्या टाळ्या वाजल्या होत्या. त्या मनोहररावांना घेऊन न जेवता घरी आल्या. शनिवारचा आशीर्वाद त्यांनी स्वतः फोन करून रद्द केला.

तिसऱ्या दिवशी मुलगी आली. जाळीच्या दारापलीकडे उभी राहून म्हणाली, "मम्मी, उघड. मी आहे."

"इथे कोणी नीरजा राहत नाही," सिसिलियाबाई म्हणाल्या. "काय गं नीरजा, कोणाकडे आलीस?" आणि आतलं लाकडी दारही लावून घेतलं.

मनोहरराव त्या वेळी आतल्या खोलीत होते. त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढे ते एकटेच मंडईकडे जायला लागले. भाजी विश्रांतवाडीतही मिळते, पण बाईंनी कधी विचारलं नाही. एकदा ते म्हणाले, "अगं, तिकडे तिला सगळे..." तर बाईंनी त्यांना तिथेच तोडलं. त्या घराचा विषय या घरात नको. मनोहरराव बायकोचं ऐकणारे होते. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही, आणि चार वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. दफनाला अग्नेस आली होती. सगळ्यांच्या मागे उभी होती, मूठभर माती टाकली आणि गेली. सिसिलियाबाईंनी तिला चांगलं पाहिलं. केस बारीक कापले होते, वजन कमी झालं होतं. बोलल्या नाहीत. रागाला तोवर धार उरली नव्हती. उरली होती ती दार लावल्याची लाज, आणि लाजेचं काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

गेल्या जूनमध्ये वर्गात एक नवीन मुलगी आली. आईबाप श्रीरामपूरकडच्या गावातून आलेले, बाप टेम्पो चालवतो. मुलगी दुसरीत, समोरचे दोन दात पडलेले. सिस्टरांनी नाव विचारलं तर खणखणीत आवाजात म्हणाली, "अग्नेस गोर्डे." सिसिलियाबाई खळ ढवळत होत्या, ढवळतच राहिल्या.

बाकी मुलांना त्या नावाने हाका मारतात. हिला पहिल्या दिवसापासून 'गोर्डे' म्हणू लागल्या. गोर्डे, चिमटा दे. गोर्डे, सांडू नकोस. पोरीला त्याचं काही वाटलं नसावं. तिला एकाच गोष्टीत रस होता.

"टीचर, माझा संत कवा येनार?"

"जानेवारीत."

हे जूनमध्ये झालं. जुलैत तिने पुन्हा विचारलं. लॉरेन्सचा तवा करताना विचारलं, फ्रान्सिसच्या चिमण्यांना डोळे लावताना विचारलं. डिसेंबरात, मुलांना भेटी वाटणाऱ्या संताचे बूट शिवता शिवता तिने बोटांवर मोजून सांगितलं की आता सहाच रविवार राहिले. जानेवारीचा तिसरा रविवार उजाडला. सिसिलियाबाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "आज कपाट आवरायचंय. सगळ्यांनी हात लावा."

मुलांनी मुकाट्याने सामान बाहेर काढायला सुरुवात केली. अग्नेस गोर्डे जागची हलली नाही. रडली नाही, रुसली नाही. चौकशी करावी तशी म्हणाली, "टीचर, माझा संत खोटा हाय का?"

सिसिलियाबाईंना लोक खूप काही बोलले असतील, पण असं कोणी बोललं नव्हतं. संतांच्या बाबतीत त्या कच्च्या नव्हत्या. त्यांच्या लेखी सगळे संत खरे होते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. आपल्या घरच्या भांडणापायी सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यात एक संत खोटा ठरतोय, हे त्यांना बघवेना.

"खोटा नाही," त्या म्हणाल्या. "आणि तो नाही, ती. तुझ्याहून थोडीच मोठी होती. रोममध्ये राहायची. लोकांनी तिला पुष्कळ धमकावलं, देव बदल म्हणून. बदलला नाही तिने. चित्रात तिच्याजवळ नेहमी कोकरू असतं." मग त्यांनी पर्समधून पैसे काढून मोठ्या मुलींपैकी निकिताला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं. "फुलवातीची चार पाकिटं आण. लांब वात नको. फुलवात."

कोकराची कृती त्यांच्या हातांना नऊ वर्षांनीही आठवत होती. पत्रिकेचा जाड कागद दुमडून धड कापायचं, म्हणजे ते चार पायांवर उभं राहतं. अंगभर खळ लावायची आणि तिच्यावर फुलवाती चिकटवायच्या, शेजारी शेजारी, टोकं वर. देवापुढे तुपात भिजवून लावायच्या कापसाच्या त्या गोल वाती कोकराच्या अंगावर हुबेहूब लोकरीच्या गुंडाळ्यांसारख्या दिसतात. ही युक्ती त्यांनी स्वतःच्या मुलीसाठी शोधली होती, ती चार वर्षांची असताना. अग्नेस गोर्डेने दोन कोकरं केली. एकाची मान वाकडी झाली. सरळ मानेचं तिने तसबिरीखाली ठेवलं, का ते विचारल्यावर म्हणाली, "वाकड्याला घरात ठेवलं पायजे, त्येला सोबत लागंल."

आता वाटा. अंगणात मोठी माणसं चहा पीत उभी होती, तिथे पोरीने सगळ्यांना विचारून पाहिलं. मेरी पाच निघाल्या, तेरेजा तीन, अग्नेस एकही नाही. सरुबाई पायऱ्या झाडत होत्या. चर्च झाडणं, वेदीवरची फुलं बदलणं ही कामं गेली कित्येक वर्षं त्यांची, आणि कोणाच्या घरात काय चाललंय हे ठाऊक असणंही त्यांचंच. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला.

"एक हाय की," सरुबाई म्हणाल्या. "टीचरची लेक."

चहा पिणारी माणसं एकदम कपांत बघायला लागली.

"तिचं नाव आता ते नाही," सिसिलियाबाई म्हणाल्या.

"मग काय झालं? बाप्तिस्म्याचं नाव कुटं जातंय? ते काय धुऊन निघतं व्हय? तुमीच सांगता की पोरांना."

सांगत होत्या खऱ्या. दर वर्षी, पहिल्याच तासाला. पोरगी वाकड्या मानेचं कोकरू दोन्ही हातांत धरून एकदा सरुबाईंकडे आणि एकदा टीचरकडे बघत होती.

"कुठं राहत्यात त्या?" तिने विचारलं.

"मंडईमागे," सिसिलियाबाई म्हणाल्या. पत्ता त्यांना इमारतीच्या नावासकट पाठ होता. घरात आलेल्या शेकडो पत्रिका त्यांनी कापल्या, मुलीची तेवढी कपड्यांच्या घडीखाली शाबूत होती.

यंदा एकवीस तारीख बुधवारी आली. पोरीच्या आईने शाळा सुटल्यावर तिला सिसिलियाबाईंच्या स्वाधीन केलं आणि दोघी मनपाला जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. कोकरू खोक्यात होतं, खोका पोरीच्या मांडीवर. पोरगी खिडकीतून येरवडा, नदी, पूल असं सगळं मोठ्याने वाचत, विचारत चालली होती. सिसिलियाबाई हूं हूं करत होत्या. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. दारात अग्नेस म्हणून हाक मारायची, आणि आतून कोणीतरी म्हणायचं, अशी कोणी इथे राहत नाही. त्या लोकांनी तसं म्हटलं तर त्यांचं काही चुकलं असंही म्हणता आलं नसतं. हे वाक्य बाईंनीच आधी मुलीला ऐकवलं होतं. दोन वेळा त्यांच्या मनात आलं, पुढच्या स्टॉपला उतरावं, परतीची बस धरावी, पोरीला कोपऱ्यावर आइस्क्रीम द्यावं. पण नियम त्यांचाच होता आणि पोरीने खोका सोडला नव्हता.

मनपाच्या स्टॉपपासून रिक्षा केली. मंडईशी रस्ता तुंबला होता म्हणून अलीकडेच उतरल्या. मटाराचा हंगाम, जिथे तिथे हिरवे ढीग. पोरीने एवढा मटार एका जागी कधी पाहिला नव्हता. ती थांबली की सिसिलियाबाईही थांबत होत्या, घाई करत नव्हत्या. मागच्या गल्लीत इमारत सापडली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, दम लागला म्हणून, आणि दम बसल्यावरही थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. पोरगी वर जाऊन पोचली होती.

वरून तिचा आवाज आला. दुसरीतली मुलं वाचतात तसं, एकेक अक्षर धरून वाचत होती. "दि-गं-बर पर-चुरे. सु-रु-ची पर-चुरे. आ-मोद पर-चुरे." मग थोडा वेळ काहीच नाही. मग, "टीचर, या ना लवकर! हितं माझं नाव लिवलंय!"

सिसिलियाबाई वर गेल्या. दारावर पितळी पाटी होती, चार ओळींची, चारही ओळींतली अक्षरं सारखीच झिजलेली. चौथ्या ओळीत 'अग्नेस दिवे' असं होतं. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. पोरीने तोवर बेल दाबली होती.

दार सुरुचीबाई परचुर्‍यांनी उघडलं. सत्तरीच्या आसपास, काटकुळ्या, हातात अर्धी सोललेली मटाराची शेंग. दोघी विहिणी नऊ वर्षांपूर्वी त्या हॉलमध्ये भेटल्या होत्या, त्यानंतर आज.

"या," सुरुचीबाई म्हणाल्या. "विश्रांतवाडीच्या बसला उशीर होतो हे ऐकून होते. नऊ वर्षं होतो हे माहीत नव्हतं."

पोरगी पुढे झाली. "अग्नेस आहेत का? त्यांच्या नावाचा वाटा आणलाय. त्यांनाच द्यायचाय."

"ऑफिसात आहे. सहापर्यंत येईल. तुझं नाव काय?"

"अग्नेस."

"बरं. आमच्याकडे एक पुरत नव्हती. चपला बाहेर काढा."

आत मध्यभागी वर्तमानपत्रावर मटाराचा ढीग होता. सुरुचीबाईंनी खोका उघडायला लावला, कोकरू हातात न घेता खाली वाकून सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "फुलवाती विकतच्या."

"हो."

"दिसतंय. टोकं सुटतात." मग पोरीपुढे लाडवाची बशी सरकवून त्या पुन्हा मटार सोलायला बसल्या.

सिसिलियाबाई समोर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पाटीवर तिचं नाव..."

"काय झालं? शुद्धलेखन चुकलंय का?"

"नाही. मला वाटलं, नीरजा असेल."

"नीरजा कोण?" सुरुचीबाईंनी विचारलं. त्या टाळत नव्हत्या, त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. दोन शेंगा सोलून झाल्यावर त्यांचे हात थांबले. "हां. ते ताटातलं होय. अहो, गुरुजींनी ताट पुढे केलं, आमोदला काही सुचेना, मागून कोणीतरी एक नाव सांगितलं ते त्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाची खीर केली आम्ही. बरी झाली होती." त्यांनी दाणे परातीत टाकले. "मी माहेरची दुर्गा. सुरुची इथे आल्यावर झाले. पंचेचाळीस वर्षं होतील. अजून कोणी मागून सुरुची म्हणून हाक मारली तर मी चटकन वळत नाही. मग सुनेच्या मागे कशाला ते? ती पहिल्या दिवसापासून अग्नेसच आहे. तुमचे मिस्टर तर इथे बसून तिला हाका मारत असायचे, आग्या, आग्या करून. तुम्हाला बोलले नाहीत?"

"मी बोलू दिलं नाही," सिसिलियाबाई म्हणाल्या.

सुरुचीबाईंनी ढिगातल्या मूठभर शेंगा त्यांच्याकडे सरकवल्या. सिसिलियाबाई सोलायला लागल्या. नऊ वर्षं. एका वाटी खिरीपायी. नवरा इथे येऊन बसत होता, मुलीला हाका मारत होता, आणि घरी येऊन पिशवीतली भाजी गुपचूप ओट्यावर ठेवत होता. त्याचं ते अर्धं राहिलेलं वाक्य आता त्यांना पुरतं ऐकू आलं. त्यांना रडू आलं, ते त्यांनी आवरलं नाही, आणि सोलणंही थांबवलं नाही. लाडू खाणाऱ्या पोरीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे तोंड फिरवून बसली.

सहाला दहा कमी असताना दारात किल्ली फिरली. पोरगी धडपडून उठली, कोकरू उचललं, आणि ऐन वेळी सिसिलियाबाईंच्या मागे जाऊन लपली.

"टीचर, तुमी मारा ना हाक. मला लाज वाटती."

"अग्नेस," सिसिलियाबाईंनी हाक मारली. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"ओ!" बाहेरच्या बाजूला चपला काढता काढता अग्नेसने उत्तर दिलं, घरात राहणारं माणूस देतं तसं, आणि मग आत आली. आईला बघून ती दारातच उभी राहिली. खांद्यावरची बॅग तिने उतरवली नाही. पोरीने तेवढ्यात पुढे होऊन कोकरू तिच्या हातात ठेवलं आणि पुन्हा मागे पळाली. अग्नेसने फुलवातींवरून अंगठा फिरवला.

"तुला इथे कोणी नीरजा म्हणून हाक मारतं का गं?" सिसिलियाबाईंनी विचारलं. उत्तर सुरुचीबाईंनी दिलं होतंच, पण त्यांना ते मुलीच्या तोंडून हवं होतं.

"नाही," अग्नेस म्हणाली. "त्या नावाने आजवर एकच माणूस माझ्याशी बोललंय, मम्मी. तू."